कोंब आलेल्या खोबऱ्यातलं तेल

बाबा, आज कॉलेजातून आले ती थेट लिहायलाच बसले.

मुलांना नारळाचा प्रयोग दिला होता. एक साधा नारळ, एक चांगला हातभर कोंब आलेला. दोन्हींचं खोबरं सुकवायचं, सारख्या वजनाचं घ्यायचं आणि त्यातलं तेल काढून मोजायचं. रुजलेल्या नारळाचं तेल इतकं कमी निघालं की मला मुलांचीच चूक वाटली. काटा तपासला, सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तेव्हा एक मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, तेल खंय गेलां?" तेल कुठे गेलं, हाच प्रश्न मी तुमच्या तोंडून ऐकला होता, कट्टा गावातल्या आपल्या तेलाच्या घाण्यावर.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आत्या, तुमची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आपल्याकडेच राहायची आणि घाणा तीच बघायची. त्या वर्षी नारळांची रास पावसाळाभर खोपीत पडून राहिली आणि खालच्या नारळांना कोंब फुटले. तुम्ही ते मोडून टाकलेत आणि खोबरं इतर खोबऱ्याबरोबरच सुकवलंत. घाण्यात खोबरं नेहमीएवढंच पडत होतं, पण डबा काही भरेना. दोन दिवस तुम्ही तेल पुन्हा पुन्हा मोजून पाहिलंत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांदेखत विचारलंत, "आक्का, तेल खंय जाता?"

"माका काय म्हायत? खोबऱ्यातच कमी आसा."

"खोबऱ्यातसून तेल पळता काय? माका घरात चोर नको."

आत्या उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "भावान माका चोर म्हटल्यान." बस्स, एवढंच. त्याच दुपारी ती एस. टी.ने देवगडला गेली. तिथे कुणाच्या तरी बागेत आंबे पेटीत भरायचं काम करत राहिली. माझ्या लग्नालाही आली नाही. ती वारल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही घाणा बंद केला नाहीत, देवगडलाही गेला नाहीत.

बाबा, तेल खरंच खोबऱ्यातच कमी झालं होतं. बी रुजू लागलं की आतलं तेल फोडतं, त्याची साखर करतं आणि त्यावर कोंब पोसतं. मी हे वर्षानुवर्षं शिकवते आहे. एरंडाच्या बीचं उदाहरण देते, फळ्यावर आकृती काढते, परीक्षेत प्रश्न घालते. आणि एकदाही, एकदाही मला आपला घाणा आठवला नाही! आज त्या मुलीपुढे उभी असताना मला माझीच भीती वाटली. एवढं शिकून माझ्या डोक्यात नेमकं काय होतं?

रुजलेल्या नारळात पांढरा, मऊ, गोडसर गोळा असतो. आत्या तो तुमची नजर चुकवून मला द्यायची. तो त्या तेलाच्या जिवावरच वाढलेला असतो, हेही मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे तुम्ही शोधत होतात त्यातलं थोडं तेल माझ्या पोटात गेलं होतं.

तुम्हाला दोष द्यायला बसले होते. पण आत्या देवगडला निघून गेल्यावर तुम्ही मला जवळ घेऊन विचारलं होतंत, "तू शाळेतून येऊन तिच्याबरोबरच आसतस. तिणा काय नेलेला बघितलंस?" तिने थेंबसुद्धा नेला नव्हता. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण गोळ्यांचं बिंग फुटेल म्हणून मी म्हटलं, "माका म्हायत नाय." तुम्ही कदाचित तिला परत आणायला निघाला असतात. तुमच्या पायात चपला होत्या.

हे पत्र आत्याला लिहायला हवं होतं. ती जिवंत होती तोवर तिला लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून आता तुम्हाला लिहिलं.