न्याहारीचा पेला

देवळाली प्रवरा,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८९२

चिरंजीव रंगनाथराव, मुक्काम पुणे, यांस दाजी उत्तमराव यांचे रिकाम्या पोटी दिलेले अनेक आशीर्वाद. (भरल्या पोटाचे आशीर्वाद लवकर फळतात असं आमच्या आई म्हणायच्या, पण सध्या तेवढी सोय नाही.) इकडे सर्व खुशाल आहेत. तुमच्या भगिनी भागीरथीबाई खुशाल, म्हैस खुशाल, ऊस बरा. तुमची प्रकृती कशी आहे, ऑफिसातला तो खोकला गेला का, हे कळवावं. आणि तुम्ही स्वतः सकाळी काय खाता हेही एकदा स्पष्ट लिहावं. मागे पुण्याला आलो होतो तेव्हा तुमच्या घरी पोहे झाले होते, आणि तुम्ही ते दोनदा मागून घेतले होते. मी विसरलेलो नाही.

आता मूळ गोष्ट. जगात भाऊ भाऊबीजेला बहिणीला लुगडं घालतात, फार तर एखादं भांडं देतात. तुम्ही मिक्सर आणलात. ओवाळणीच्या ताटात तो मावेना, म्हणून पाटावर ठेवून तुमच्या बहिणीनं आधी त्यालाच ओवाळलं आणि मग तुम्हाला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी त्या वेळी अनारसे खात होतो. जेवण झाल्यावर पाटावरून उठताना मी जमिनीला हात टेकला, तेवढंच तुम्ही पाहिलंत. एवढ्या वयाचा खातापिता माणूस हात टेकून उठतो यात काय विशेष आहे? पण तुम्ही माझ्या पोटाकडे असं बघितलंत, जसा कारखान्याचा माणूस उसाच्या गाडीकडे बघतो, आणि तिथल्या तिथं समतोल आहारावर व्याख्यान दिलंत. धान्य, कडधान्य, पाला, फळ आणि दूध, हे पाचही सकाळी एकत्र फिरवून एक पेला घेतला की माणसाला दुसरी न्याहारी लागत नाही, असं तुम्ही कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकात वाचलं होतं. पुढं राहुरीच्या डॉक्टरनंही मला तपासून ‘थोडं हलकं व्हा’ असं म्हटलं, आणि तुमच्या बहिणीच्या दृष्टीनं विषय संपला. त्या घरी येईपर्यंत वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरी न्याहारीला भाकरी होत नाही. एक केळं, पपईची फोड, मोड आलेली मटकी, मूठभर मेथी, भाजलेलं बाजरीचं पीठ आणि म्हशीचं दूध, हे सगळं त्या यंत्रात जातं आणि एका रंगाचं होऊन बाहेर येतं. तो रंग कोणता हे मी सांगू शकत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुतल्यावर ओढ्याचं पाणी होतं, त्याच्या आसपासचा आहे. केळं आणि दूध म्हणजे शिकरण, हे आमच्या पणजोबांनाही ठाऊक होतं, त्याला पुण्याहून कोणी येऊन सांगायची गरज नव्हती. पण शिकरणात मेथी घालावी हे आमच्या कुळात कोणाला सुचलं नाही, हे मात्र कबूल करतो. उरलेला पेला एकदा म्हशीच्या घमेल्यात ओतला. तिनं तो आंबोण समजून चाटूनपुसून साफ केला आणि त्या दिवशी तांब्याभर दूध जास्त दिलं. तुमच्या बहिणीनं हे पेल्याच्या बाजूचं प्रमाण म्हणून गावभर सांगितलं.

यंत्राला लागणारा प्लग आमच्या घरात एकच, ओटीवर, वडिलांच्या फोटोखाली, आणि तो रेडिओचा. त्यामुळे सात-पाचच्या बातम्या आमच्या घरातून गेल्या. निवडणुकीचे निकाल सुरू होते तेव्हा म्हटलं, शेजारच्या सूर्यभानकडे जाऊन ऐकावेत. तर आमचा मिक्सर सुरू झाला की त्याच्या रेडिओत असा खरखराट होतो की कोण पडलं आणि कोण निवडून आलं काही कळत नाही. सूर्यभान तक्रार घेऊन आमच्याकडे आला. तुमच्या बहिणीनं त्याला बसायला सांगितलं, विचारपूस केली आणि एक पेला हातात दिला. पाहुणचार नाकारता येत नाही, म्हणून त्यानं तो डोळे मिटून घेतला. त्यानंतर त्याची तक्रार आली नाही, आणि तोही आला नाही. त्यातून व्होल्टेजचं निराळंच. सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी चालू असल्या की मिक्सर नुसता कण्हतो, आणि त्या एकदम बंद झाल्या की झाकण उडतं. वडिलांच्या फोटोवर मटकी गेली होती. मी ती पुसली. वडिलांची मुद्रा पहिल्यापासून नापसंतीचीच असल्यामुळे फरक जाणवला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं, रंगनाथराव. माणूस सासुरवाडीचं काय काय सोसतो. पण तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पंक्तिप्रपंच त्यांना चालत नाही. मालकाला एक आणि गड्याला एक असं या घरात कधी वाढलं गेलं नाही, आणि याचा मला आजवर अभिमानच होता. (वाढणारी बाई पंक्तीत बसत नसल्यामुळे तिला स्वतःला तो नियम लागू नाही. दाराआड रात्रीची भाकरी दुधात कुस्करल्याचा वास मला येतो, पण मी विचारत नाही.) तेव्हा मालकाला पेला, तर आमचा सालगडी कानिफनाथ यालाही पेला. सकाळी तो धारा काढायला आला की त्याच्या हातात मोठा पितळी पेला जायचा. तो भला माणूस, उभ्या उभ्या प्यायचा, पेला विसळून पालथा घालायचा आणि शेतावर जायचा.

आता इथं काय झालं ते नीट वाचा, कारण हे तुमच्या साप्ताहिकात नसणार. आमच्याकडे गडी दिवस उगवताच कामाला लागतो, आणि ऊन वर आलं की मालकाच्या घरची न्याहारी शेतावर जाते. न्याहारीला हात थांबतो, न्याहारी झाली की पुन्हा चालतो. हा रिवाज आहे, आणि कानिफनाथ रिवाजाचा पक्का. त्यानं पेला घेतला, पण तो त्याच्या हिशेबी चहाच्या जागेचा. प्यालेलं ते प्यालेलं, खाल्लेलं ते खाल्लेलं. पहिल्याच दिवशी वेळ झाल्यावर त्यानं फावडं ठेवलं आणि बांधावर गावाकडे तोंड करून न्याहारीची वाट बघत बसला. न्याहारी आली नाही, म्हणून न्याहारीची सुट्टीही संपली नाही. नेमकी त्या दिवशी आमची पाटाच्या पाण्याची पाळी. पाणी आलं, आमच्या उसाच्या दोन वाफ्यांत हिंडलं, आणि बारं द्यायला, म्हणजे पुढच्या वाफ्याचं तोंड उघडून पाणी वळवायला, कोणी उठलं नाही म्हणून शेजारच्या आप्पासाहेबांच्या गव्हात जाऊन सुखानं बसलं. मी दुपारी गेलो तर हा तसाच बांधावर. मी म्हटलं, अरे, पाणी गेलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, “व्हय मालक, गेलं की. पर भाकर कवा यायची?”

मला रागावता येईना. खरं सांगतो, माझ्याही मनात सकाळपासून तोच प्रश्न होता.

त्याची बायको गोजरबाई तिथंच शेतातल्या वस्तीवर राहते. चूल पेटलेली होती. तिनं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाली, “मालक, दोन घास खाता का?” मी नको म्हणणार होतो. तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण बाजरीची भाकरी तव्यावर पापुद्रा धरत होती, बाजूला लसणाचा ठेचा होता, आणि पोटात सकाळची मेथी केळ्याशी भांडत होती. रंगनाथराव, मी खाल्लं. नंतर पाणी प्यालो आणि दोन्ही हात टेकून उठलो.

तेव्हापासून रोज सकाळी मी तुमच्या बहिणीसमोर पेला संपवतो, मिशी पुसतो, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणतो आणि कोसभर चालत वस्तीवर जातो. फटफटी काढली तर आवाजानं सगळ्या आळीला कळेल, म्हणून पायी. भाकरी खातो आणि कोसभर चालत परत येतो. तुमच्या भगिनी दारात उभ्या असतात आणि विचारतात, बरं वाटलं का? मी म्हणतो, फार.

पण यात एक गोष्ट मला खाते आहे. गड्याला मालकानं न्याहारी घालायची, हा जगाचा नियम. आमच्याकडे गडी मालकाला घालतो आहे. गोजरबाईच्या डब्यातली बाजरी ही तिच्या वाट्याची, आणि मी तिथं रोज जाऊन बसतो. मी एकदा खिशातून चार पायल्यांचे पैसे काढले तर ती चुलीकडे तोंड करून बसली. मग पुन्हा काढले नाहीत. परवा मी ठेच्याला हात लावणार तेवढ्यात कानिफनाथ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “मालक, पाडवा जवळ आला न्हाई का.”

तुम्ही पुण्यात महिन्याच्या पगाराची माणसं, तुम्हाला या वाक्याचं वजन कळायचं नाही. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. त्या दिवशी तो तुमच्याकडे राहतो किंवा धोतर झटकून दुसऱ्याच्या दारी जातो. आणि आप्पासाहेब चावडीवर बसून, कोणी विचारलेलं नसताना, ‘आमच्याकडे अजून भाकरी आहे बरं का’ असं सांगतात. कानिफनाथ माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हती. माझे बैल त्याच्या हाकेशिवाय मान हलवत नाहीत, आणि वडील गेले तेव्हा माझ्याआधी तो रडला होता. तो गेला तर मला करमणार नाही. मला सरळ भीती वाटते आहे, दुसरा शब्द नाही.

तर म्हणाल, बायकोला सांगा. तुम्ही सांगून बघा. भाऊबीजेची ओवाळणी आहे ती. भावानं दिलेल्या वस्तूत दोष काढलेला कोणत्या बहिणीला चालतो? असो. पत्र लांबलं. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद. पाडव्याच्या श्रीखंडाची माझ्यापाशी आठवणही काढू नये.

तुमचे
उत्तमराव

ता. क. : आता खरं काम. तुमच्या भगिनी जगात फक्त तुमचं ऐकतात. तेव्हा पाडव्याच्या आत त्यांना एक पत्र टाका की नवीन संशोधन प्रसिद्ध झालं असून त्यात पेला मागे पडला आहे. धान्य ओलं न फिरवता कोरडं दळावं, पाण्यात मळून हातावर थापावं आणि जाळावर भाजावं, म्हणजे त्यातलं सत्त्व टिकतं. कडधान्य वेगळं शिजवावं, मेथी परतावी, दूध शेवटी वाटीत घ्यावं आणि हे सर्व तोंडात एकत्र करावं, त्याकरिता देवानं बत्तीस दात दिलेले आहेत. दोन-चार इंग्रजी शब्द तुमच्या पदरचे घाला. ‘भाकरी’ हा शब्द मात्र पत्रात कुठंही येऊ देऊ नका, नाहीतर त्यांना संशय येईल.

ता. क. दुसरा : एक अडचण तुमच्यापासून लपवत नाही. परवा राहुरीच्या डॉक्टरनं पुन्हा वजन केलं आणि खूश झाला. पोट उतरलं आहे. धोतराचा एक वेढा जास्त बसतो, आणि काल मी पाटावरून हात न टेकता उठलो. हे सगळं पेल्याचं यश म्हणून तुमच्या भगिनी आनंदात आहेत. हे माझ्या चालण्याचं आहे, आणि चालणं भाकरीसाठी आहे, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा संशोधन जरा दमदार असू द्या.

(याखाली निराळ्या अक्षरात)

चि. रंगनाथ, तुझ्या अक्काचा आशीर्वाद. हे पत्र यांच्या बंडीच्या खिशात सापडलं, धुवायला टाकताना. टाकायचं पत्र खिशात घेऊन हिंडायची यांची जुनी खोड आहे. वाचलं, आणि पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी लिहिते आहे.

पेल्यानं पोट उतरत नाही हे मलाही कळतं. राहुरीच्या डॉक्टरांनी पहिल्याच वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांच्या छातीचं लक्षण चांगलं नाही, रोज भरपूर चालायला हवं. मी चाला म्हटलं असतं तर हे तुळशीपर्यंतही गेले नसते. भाकरीसाठी मात्र कोसभर जातात. गोजरबाईकडे बाजरी मीच पाठवते, हे पहिल्यांदा तिथं जेवले त्याच दिवसापासून. कानिफनाथ कुठं जात नाही, त्याचं पुढच्या सालाचं बोलणं माझ्याशी झालं आहे. मालकांना सांगू नको म्हणून मीच त्याला सांगितलं. पाडव्याचा धाक असला की गड्याचं मन बघायला हे एक दिवसही वस्तीवर जायचं चुकवत नाहीत.

मला हा माणूस अजून पुष्कळ वर्षं हवा आहे, रंगनाथ. तेव्हा तू ते संशोधन वगैरे काही लिहू नको. पेला चालू ठेवा, एवढंच लिही.

आणि यांना कळवू नको, पण पाडव्यानंतर कानिफनाथाचं बिऱ्हाड ओढ्यापलीकडच्या नव्या विहिरीवर जाणार आहे. तिथं पक्की खोली आहे, गोजरबाई खूश आहे. भाकरी तीच राहील, वाट अर्धा कोस वाढेल.