पांढरा चौकोन काढू नकोस

भोर,
१७ नोव्हेंबर २००८

बेटी शगुफ्ता हिला अब्बांचा सलाम आणि दुवा.

इकडं सर्व ठीक. गुडघा दुखतो, पण नळापर्यंत जातो. तुझा पत्ता तू केलेल्या भोरच्या जुन्या आठवणींच्या वेबसाइटवर, तळाशी मिळाला. पत्र तुझ्याच हाती पडेल ना, याचा घोर लागला आहे.

त्या वेबसाइटवर 'अम्मा' नावाचा एक फोटो आहे. उघडत नाही, नुसता पांढरा चौकोन दिसतो. तो मी पाठवला. तो फोटो नाही.

अम्मानं शेवटच्या आजारपणात मोबाईलमध्ये तुझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. ते घेऊन मी कॉम्प्युटरवाल्या कुंडलिककडं गेलो. तो म्हणाला, "चाचा, ह्यात फोटू आन लिखाण एवढंच चालतंय. आवाजाची फाइल घेत न्हाई. काय घ्यायचं ती यादी तुमच्या पोरीनंच ठरवलीय. तुमच्यावानीच कडक दिसतीय!"

"मग रं?"

"फाइलच्या नावामागं फोटूची '.jpg' शेपूट लावू. वेबसाइट फसतीय का बघू."

वेबसाइट फसली, फाइल चढली. मी घरी येऊन मोबाईलमधलं पुसून टाकलं.

काल त्याला हे सांगितलं, तर त्यानं कपाळाला हात लावला. "माझ्याकडंबी न्हाई ओ, मी रोज कॉम्प्युटर साफ करतो. आन न उघडणारे फोटू महिनाअखेर काढणार, असं ताईंनी लिवलंय."

पोचलं म्हणून पुसलं, असं मी त्याला म्हणालो. ते खरं नाही. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. त्यात ती विचारते, "शगू, माजी पत्रं मिळाली का गं? अब्बांकडं टाकायला दिली व्हती."

चार पत्रं होती. तू आम्हाला न सांगता निकाह केलास, त्या रागात मी चारही तुझ्या पत्त्यासकट चुलीत घातली. उत्तर का येत नाही म्हणून ती रोज दाराकडं बघायची. मी म्हणायचो, पोरगी विसरली तुला.

यादीत आवाज घ्यायचा की नाही, ते तू ठरव. पण तो चौकोन काढू नकोस. शेपूट बदलली की उघडेल, असं कुंडलिक म्हणतो. ऐक. मग मला काय म्हणायचं ते म्हण, किंवा काहीच म्हणू नकोस.

अम्माची पत्रं न टाकणारा,
हाशिम