कॅडेट की क्लब?

८ जानेवारी

ठरलं! पायलट व्हायचं. कसं — ते अजून ठरायचंय. रस्ते दोन. एक, एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम: परीक्षा, परदेशात ट्रेनिंग, आल्यावर त्याच कंपनीत नोकरी. दुसरा, इथलाच फ्लाइंग क्लब: छोट्या विमानावर तास भरायचे, लायसन्स काढायचं, नोकरी आपली आपण शोधायची.

पप्पांना कॅडेटच हवं. "कंपनीचा नाव पायजे गो. ती बारकी विमानं म्हंजे उडनारी रिक्षा!" वागळे इस्टेटमध्ये लेथचं वर्कशॉप चालवतात ते. मशीन आतून बघितल्याशिवाय कशावर विश्वास म्हणून नाही.

११ जानेवारी

शी! गोपीनाथकाकांनी कळवा नाक्यावर बॅनर लावलाय. 'भावी कॅप्टन सान्वी हिचे हार्दिक अभिनंदन.' माझ्या दहावीच्या फोटोवर टोपी चिकटवलीय, तीही नेव्हीची. अजून साधा फॉर्म भरलेला नाही मी! काकांना बोलले, तर म्हणे, "बॅनर लावल्याबिगर लोकांना कलनार कसा?" खाली त्यांचा मोबाइल नंबर आणि शुभेच्छुकांची रांग. त्यातला पोपट कोण, देव जाणे.

१२ जानेवारी

भाजीवाली मला कॅप्टन म्हणाली. मेथी मात्र त्याच भावाने दिली.

१५ जानेवारी

बॅनर बघून काकांना एका ऐश्वर्याचा फोन आला. खारेगावात राहते, खरीखुरी पायलट! आज भेटून आले. तिने पहिलंच विचारलं, "मेडिकल झालं?"

नाही झालं.

"अगं, आधी डोळे, कान, हार्ट तपासून घे. अनफिट निघालीस तर कॅडेट काय नि क्लब काय!"

घरात एवढी भांडणं झाली, आणि हे एकालाही सुचलं नाही. नाक्यावर बॅनर मात्र झळकतोय! हसू येतंय खरं, पण मेडिकलची तारीख आधी घेतली.

२ फेब्रुवारी

फिट! फिट! फिट!

९ मार्च

कॅडेटची परीक्षा पास झाले, आज इंटरव्ह्यू झाला. कंपनी सांगेल ते शहर, कंपनी सांगेल ते विमान — चालेल का? "हो सर." एवढ्या वेळा 'हो सर' मी शाळेतही म्हटलं नव्हतं. पप्पा खूश.

२२ मार्च

ऐश्वर्याच्या ओळखीने क्लब बघायला गेलेलो, पप्पा आणि मी. तिथे विमान हँगरमधून हाताने ढकलत बाहेर काढतात — काकांची बंद पडलेली ओमनी ढकलतो तसं! मीही ढकललं. मग तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी वर नेलं आणि थोडा वेळ कंट्रोल माझ्या हातात दिला. मला हे इतकं आवडलं, इतकं आवडलं, की उतरावंसंच वाटेना.

आणि पप्पा? ते दुसऱ्या विमानाच्या इंजिनात डोकं घालून मेकॅनिकशी गप्पा मारत होते. येताना गाडीत एवढंच बोलले, "इंजिन साफ ठेवलाय त्यांनी."

कॅडेटचा निकाल यायचाय. सिलेक्शन झालं तर 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणू? मनात आलं, नाही झालं तर बरं. असं लिहू नये. पण लिहिलं.

५ एप्रिल

सिलेक्शन झालं. काकांनी बिल्डिंग डोक्यावर घेतली. मला रडू फुटलं, सगळ्यांना वाटलं आनंदाने. पप्पा तेवढे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले.

"नको ना गो तुला?"

मी 'नको' अशी मान हलवली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या क्लबला फोन लावला — "मी सान्वीचा बाप बोलतोय. अ‍ॅडमिशनला कधी येऊ?"