शून्य लिहिलेला अँगल

मस्कत

चि. धैर्यशील यास आशीर्वाद. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

फोनवर तू म्हणालास, "दादा, तुझ्याच ड्रॉइंगात त्या अँगलपुढं भार शून्य लिवलाय की. वैरण रचायला आडवा येतोय, कापतो."

कापू नकोस. गोठ्याचं छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीचं गणित माझं मी शिकून केलंय, कुणाला विचारून न्हाय. त्या अँगलवर भार नाही हे खरं. पण तो तिथं नुसता उभा आहे, म्हणून वरचा अँगल वाकत नाही. तो काढलास तर वाऱ्यापावसात अख्खं छप्पर म्हशींवर येईल.

आईचा गुडघा कसा आहे? हल्ली ती माझं नाव काढत नाही, असं तुझी वहिनी म्हणाली.

असू दे. तो अँगल तेवढा राहू दे.

तुझा दादा,
पिराजी