अकरावं पान

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "अगं, ऐक तर" म्हणत राहतोस, मी रडायला लागते आणि शेवटी तुझंच खरं ठरतं. पत्रात मध्येच बोलता येत नाही.

कटिंग मास्तरांना तू बटणांच्या टेबलावर बसवलंस? सव्वीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला? बाबांनी शर्टांचा कारखाना काढला तेव्हा तू रांगत होतास. चाळीस शर्टांचं कापड मास्तर एकदम कापायचे आणि बोटभर चिंधी वाया जायची नाही. बाबांनी कारभार तुझ्या हाती देऊन वर्ष झालं नाही, तोवर मास्तरांना नव्या पोरींच्या रांगेत बटणं निवडायला लावलंस. तीन आठवडे त्यांनी मान खाली घालून काढले, मग राजीनामा दिला. आणि तू मला वर कळवतोस, "स्वतःहून गेले, आपण कुठे काढलं!" लाज कशी वाटली नाही रे? मला इतका राग आलाय की वर्गात बसवत नाही.

आमची वकिलीणबाई एका पदवीत तीन विद्या शिकतेय, असं तू जगाला सांगत फिरतोस. ऐक मग. सकाळी कायद्याच्या बाई विचारतात, अन्याय कोणावर झाला? अर्थशास्त्राचे सर फळ्यावर दोन रेषा काढतात, त्या जिथे मिळतात तिथे म्हणे सगळे सुखी. दुपारी व्यवस्थापनाचे सर विचारतात, कमी माणसांत कसं भागेल? एका वर्गातलं दुसऱ्या वर्गात काढायचं नाही, हे आम्ही कोणी न सांगताच शिकलो. मला तर त्याची ऐटच होती.

मागच्या सत्रात व्यवस्थापनाचा प्रकल्प होता, ओळखीच्या एखाद्या उद्योगाचा खर्च कमी करून दाखवायचा. मी आपलाच कारखाना घेतला. सुट्टीत मास्तरांशेजारी स्टूल टाकून बसले. पोरीचा अभ्यास म्हणून ते बिचारे कापता कापता सगळं सांगत गेले, वर माझ्यासाठी चहा मागवला. वर्गात पहिली आले, तेव्हा शेखी मिरवायला अहवाल तुलाही पाठवला. तू वाचशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझं काही नीट वाचलंस, आणि तेही नेमकं हेच!

अकरावं पान. "अनुभवी कटरला काढल्यास कायदेशीर अडचण येऊ शकते. त्याऐवजी कमी मानाचं काम दिल्यास तो स्वतःहून सोडून जाण्याची शक्यता जास्त." सरांनी शेजारी लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. हे लिहिताना मला मास्तरांचा चेहरा एकदाही आठवला नाही, दादा. तुझ्यावर ओरडतेय खरी, पण निम्मा राग माझ्यावरच आहे. तू निदान त्यांच्यासमोर उभा राहून केलंस. मी वसतिगृहात पंख्याखाली बसून केलं.

कायद्याच्या बाईंना पान दाखवलं. त्या म्हणाल्या, हा राजीनामा नव्हेच, काढून टाकणंच आहे, पण ते सिद्ध कसं करणार? मग रविवारी मास्तरांकडे गेले आणि पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. एवढंच विचारलं, "यात पहिली आलीस होय?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना कामावर परत घ्यावं म्हणून कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज मी लिहिलाय, त्यांनी सही केलीय. सोबत ते पान आहे, माझ्या नावासकट, आणि तुला कधी पाठवलं ती तारीखही. पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघं तो द्यायला जातोय. विचारतील तेव्हा मी तुझ्याविरुद्ध बोलणार आणि माझ्याही. त्याआधी स्वतः त्यांच्या दारात जाऊन त्यांना परत बोलावलंस, तर अर्ज फाडायचा की नाही ते मास्तर ठरवतील, तू किंवा मी नाही. कार्यालयाचा कागद हातात पडून तुला कळू नये, बहिणीकडून कळावं, म्हणून लिहिलं.

अजूनही तुझीच,
धाकटी