घरच्या वहीतली उधारी

३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक सुधारते. आमच्या खोक्यांच्या कारखान्याची सगळ्यांत जुनी उधारी खेळणीवाल्यांकडे आहे, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. ते दर महिन्याच्या वीस तारखेला न चुकता पैसे देतात. मीच त्यांची जमा भलत्या पानावर शोधत होते. तू त्यांना तळतळून जे बोललीस ते कृपा करून मागे घे. तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

खरी गोष्ट अशी, की बाबांची आणखी एक वही निघाली. वर लिहिलंय ‘घरचे’ आणि आत एकच खातं, ‘आपले’. अकरा महिन्यांचा माल, दोन लाख चौदा हजार, जमा शून्य. बिल एकही पाठवलेलं नाही. हे आपले कोण, असं विचारलं तर बाबा म्हणाले, ती उधारी नव्हेच. आपल्या माणसाला बिल पाठवणं म्हणजे जेवायला बोलावून घास मोजणं.

इकडे कागदवाल्याचा निरोप आलाय, की महिनाअखेर मागचे पैसे चुकते झाले नाहीत तर पुढचा कागद मिळणार नाही. कागद नाही तर खोकी नाहीत आणि खोकी चिकटवणाऱ्या सहा बायकांना कामही नाही. मी काय करू?

माया आहे तशी राहू दे.

तुझ्या धाकात वाढलेली,
भाची

८ जुलै

चि. हिशेबनीसबाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाची लाहीलाही झाली. माझा भाऊ गरीब गाय, आणि हे ‘आपले’ त्याला खुशाल पिळतायत! अकरा महिने! गेंड्याची कातडी म्हणतात ती हीच. आपल्या घरातली तू पहिली शिकलेली मुलगी; कॉलेज काय नुसतं घाबरायला केलंस? नियम कर. साठ दिवस झाले की माल बंद, मग समोर कोणी का असेना. तुझे आतोबा म्हणतात, धंदा भिडेवर चालत नाही. त्यांच्या बुटांच्या कारखान्यात बघ, दुकानदाराने पैसे टाकल्याशिवाय ते खोक्याचं झाकणसुद्धा लावत नाहीत.

त्या ठगाचं नाव कळव. मीच जाऊन त्याच्या दारात बसते.

तुझी तापलेली,
आत्या

१२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. गेंड्यापाशी त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि मग नाव सांगितलं. आपले म्हणजे आतोबांचा कारखाना. माल पोचल्याच्या बेचाळीस सह्या मी तीनदा तपासल्या. सगळ्या त्यांच्याच आहेत. तरीही माझं चुकत असेल तर सांग.

दारात बसायचा बेत तेवढा रद्द कर. दार तुझंच आहे.

रागावू नकोस, किंवा रागावलीस तर कळव.

भाची

१७ जुलै

चि. भाचीस आशीर्वाद.

माझी तब्येत बरी नाही. आतोबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, मागितले असते तर दिले असते. न मागता देणं म्हणजे मेव्हण्याला परकं समजणं. यातही तथ्य आहे. आणि घरचे पैसे कुठे पळून जातात? साठ दिवसांचं मी लिहिलं ते बाहेरच्यांसाठी. शिवाय दिवस साठ की सहाशे, हे माणूस बघून ठरवायचं असतं, ते कॉलेजात शिकवत नाहीत.

तुझ्या बाबांना नवे बूट पाठवलेत, त्याचे पैसे नकोत. आणि मी विषय काढणार नव्हते, पण तुझ्या पहिल्या वर्षाची फी कोणी भरली होती? वही मिटून ठेव.

अंथरुणातून,
आत्या

२१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फीची आठवण दिलीस ते बरं झालं. ती जमा करायची माझ्याकडून राहिली होती. अठरा हजार पाचशे आणि त्यावर साडेसात टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज, असे बावीस हजार सहाशे साडेबासष्ट तुमच्या खात्यातून वजा केले. बुटांची किंमत आतोबांनी कळवावी, तीही वजा करते. बाबांना ते अंगठ्याशी लागतात, पण काढायला तयार नाहीत. राहिले एक लाख एक्याण्णव हजार तीनशे सदतीस. वरचे पन्नास पैसे घरचे म्हणून सोडले.

आतोबा म्हणाले मागितले असते तर दिले असते, म्हणून मागते. सोबत बिल आहे, आमच्याकडून तुम्हाला गेलेलं पहिलंच. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग पाकिटाला तिकीट त्यांनीच लावलं.

तू नसतीस तर मी कॉलेजचं दार पाहिलं नसतं. याचं व्याज मला काढता येत नाही. तू बोलणं सोडलंस तर मी रडेन. पण रडून कागद येत नाही, आणि बायका रोज विचारतात.

लोभ कमी करणार असशील तर एकदम नको, हप्त्याहप्त्याने कर.

तुझीच,
भाची

ता. क. पैसे आले नाहीत तर तुमच्याकडे निघालेल्या टेम्पोतून तुमची खोकी मी स्वतः उतरवून घेणार आहे : शनिवार, २७ जुलै, सकाळी साडेनऊ.