शिवणटेबलावरचं उडतं जहाज

४ फेब्रुवारी, रविवार

हकालपट्टी! जहाज, गोंद, रंग, ब्रश – सगळ्यासकट जेवणाच्या टेबलावरून. ही म्हणाली, "घासागणिक गोंदाचा वास येतो. आता एक तर ते जहाज तरी जेवेल, नाहीतर आपण." तिचं बरोबर आहे. तिला सांगणार नाही.

आसरा मिळाला तो सासूबाईंच्या खोलीत. चाळीस वर्षं ज्या टेबलावर लोकांचे कपडे बेतले, ते टेबल घेऊनच त्या आमच्याकडे राहायला आल्या. आत नेताना सुताराला त्याचे पाय काढावे लागले होते. आता नजर साथ देत नाही, शिवण बंद, टेबल रिकामं. "या की इकडे, माझं काय अडतंय," म्हणाल्या. पाच महिन्यांतलं आमचं सगळ्यात लांब संभाषण हेच असावं. एरवी – "जेवलात?" "जेवलो." संपलं.

सहा महिने आमच्याकडे, सहा महिने मेहुण्याकडे असं ठरलंय. १ मार्चला तो त्यांना न्यायला येणार. मग ही खोली माझी! अजून सव्वीस दिवस. मोजतोय, खोटं कशाला लिहू.

५ फेब्रुवारी

बेत असा. विमानवाहू जहाजाचं किट, सव्वातीन फूट लांब. त्याला दुसऱ्या किटमधल्या बॉम्बफेकी विमानाचे पंख. म्हणजे विमानं पोटात घेऊन स्वतःच उडणारं जहाज. असं काही जगात नाही, असूही शकत नाही, हीच तर मजा.

२५ तारखेला आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन. अकरा वर्षं माझी मॉडेलं कोपऱ्यातल्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशेजारी. लोक पाणी पितापिता बघतात, तेवढंच. यंदा मला मधलं टेबल पाहिजे. वय बावन्न, तरी पाहिजेच.

८ फेब्रुवारी

सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बघत नसल्यासारखं करत बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"हे उडणार म्हणता, मग नांगर कशाला?"

"जहाज आहे आई. नांगर लागतोच."

"हवेत कुठे टाकणार?"

नांगर ठेवलाय. कवळ्या बनवणं हा माझा धंदा, त्यांच्या तोंडातली कवळीही माझ्याच हातची. तीच घालून मलाच चावतात!

११ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर दोघं टेबलावर. त्यांचं म्हणणं, एवढं धूड आणि पंख असे आखूड – अंगावर घट्ट झालेल्या सदऱ्यासारखं दिसतं. "टोकांना जोड द्या." मला आधी राग आला. मग जोड देऊन बघितले. दिसतं झकास! कवळीच्या अॅक्रिलिकनेच केले. फक्त गुलाबी आहेत, रंगवावे लागतील.

मग म्हणाल्या, "खाली आणखी एक मजला काढा. विमानं वटवाघळांसारखी उलटी टांगू." हे मला का सुचलं नाही?

१४ फेब्रुवारी

जहाजाच्या विचारात एका गिऱ्हाइकाची दाढ भलतीकडेच बसवली. केसभर फरक चालत नाही असं शिकाऊ पोरांना मीच सांगतो.

१७ फेब्रुवारी

मनोरा उभा केला. मी केला होता टीचभर. "एवढ्यातून काय दिसणार? ढग?" सासूबाईंनी वीतभर वाढवून घेतला.

मग खलाशांचे कपडे कुठे वाळतात, हा प्रश्न निघाला. उत्तर त्यांच्याकडे तयारच होतं. मी सुई ओवून दिली, बाकी सगळं त्यांनी केलं. मागच्या डेकवर दोरी, दोरीवर सात सदरे, एकेक तांदळाच्या दाण्याएवढा. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, पण बोटांना सगळं दिसतं. एका सदऱ्याला खिसासुद्धा आहे.

काम करता करता मेहुण्याच्या घराबद्दल बोलल्या. "टीव्ही मोठा आहे तिकडे. पण दिवसभर कोणी नसतं. मी आणि फ्रिज, आळीपाळीने आवाज करतो." मी हसलो. मग लक्षात आलं, पाच महिने इथेही तेच चाललं होतं. वाईट वाटलं. दुसरी सुई ओवून दिली.

२० फेब्रुवारी

दिवस मोजायचे विसरलोय.

२२ फेब्रुवारी

झालं! शेवटचा रंग वाळला. इतकं देखणं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही – आमच्या हातून म्हणायला हवं. मधलं टेबल नक्की. हिला बोलावलं. तिने जहाजाभोवती एक फेरी मारली, सदऱ्यांना हात लावला, खरंच खूश झाली. मग दाराकडे बघितलं, जहाजाकडे बघितलं.

"अरे, पण हे बाहेर कसं काढणार?"

२३ फेब्रुवारी

दार उघडतं अठ्ठावीस इंच. जहाजाचे पंख एकेचाळीस, लांबी एकोणचाळीस, खालच्या मजल्यापासून मनोऱ्यापर्यंत चौतीस. आडवं, उभं, तिरपं, कसंही. पुठ्ठ्याचं खोटं जहाज करून पाहिलं, तेही अडकलं. खिडकीला गज. सुतार म्हणाला चौकट काढायची तर भिंत फोडावी लागेल. हा गोंद प्लास्टिकच वितळवून एकजीव करतो, सांधे आता सुटायचे नाहीत.

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाची मापं घेतली, एका दाराचं घेतलं नाही. ही तोंडावर पदर धरून हसतेय. हसू दे.

२४ फेब्रुवारी

पंख कापायचे आणि प्रदर्शनात नेऊन परत चिकटवायचे, दुसरा मार्ग नाही. जखम दिसेल. पण पिंपाशेजारी बारावं वर्ष नको. उद्या सकाळी कापतो. सासूबाई आज जेवल्या नाहीत नीट.

२५ फेब्रुवारी, रविवार

करवत पंखाला लावली आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"दार अठ्ठावीस इंच आहे, मला माहीत होतं. टेबल आत आणलं त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? उलट मनोरा वाढवायला लावलात!"

"बोलले असते तर जहाज उचलून दुसरीकडे गेला असतात. मग परत आपलं – जेवलात? जेवलो."

करवत माळ्यावर टाकली. मेहुण्याला फोन लावून त्यांच्या हातात दिला. काही सांगावं लागलं नाही.

"एक तारखेला येऊ नकोस रे," त्या म्हणाल्या. "जहाज दारातून निघत नाहीये."